सुनंदाने लिहिलेला शेवटचा भाग

परवा बँकेतला कारकून म्हणाला, "थांबा, कॉम्प्युटर हँग झालाय," आणि मला सांगलीतला आमचा कॉम्प्युटर क्लास आठवला. एसीचा गारठा, तापलेल्या प्लास्टिकचा वास आणि शेजारी आष्ट्याहून एसटीने येणारी सुनंदा.

टीव्हीवरच्या अंतराळयानाच्या मालिकेचं आम्हा दोघींना वेड होतं. मालिका मधेच बंद पडली, तेव्हा सुनंदाने शेवटचा भाग स्वतःच लिहिला. महिनाभर ती तो क्लासमध्ये टाइप करत होती. लग्न ठरल्यामुळे तिचा क्लास सुटणार होता. तिच्या क्लासच्या शेवटच्या दिवशी शेवटचं पान चालू असताना पडदा थिजला. सरांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तर फाइलमध्ये नुसते चौकोन उमटले.

सुनंदा शांतपणे म्हणाली, "जाऊ दे. तुझ्या फ्लॉपीवर हाय न्हवं? रोज कॉपी ठिवत जा म्हणलं हुतं तुला."

फ्लॉपीवर तिचं काहीच नव्हतं, जागाच उरली नव्हती. मी त्या फ्लॉपीवर गेम भरून घेतला होता.

"आहे की," मी म्हणाले.

ती हसली आणि एसटी गाठायला निघाली. पुढे लग्नात, बारशात आम्ही भेटलो. तिनं फ्लॉपी कधीच मागितली नाही, आणि मीही खरं सांगितलं नाही.