आईसाठी लावलेला उजेड

काल अंगणात नीळ दिलेली पांढरी चादर वाळत घातली आणि तिचा उजेड आईच्या सुरकुतल्या गालावर पडला. निळीच्या ओल्या वासानं मी एकदम लहान झाले.

तेव्हा आमच्या धाड गावाला सिनेमावाले आले होते. नटी गाडीत बसलेली. तिच्याच उंचीची म्हणून उजेड जमवायला कॅमेरामननं आईला आमच्या दारात उभं केलं. केवढं मोठं नाव होतं त्यांचं, आम्हाला कुठलं माहीत! आमचीच चादर मागून घेऊन त्यांनी त्या चादरीवरचं ऊन आईच्या तोंडावर पाडलं आणि ढग आला की तो सरकायची वाट बघत निवांत बसून राहिले. "बाई, हनुवटी जरा वर," एवढंच बोलले. मग नटी आली, आई घरात गेली.

परवा ते कॅमेरामन गेल्याची बातमी आली, तेव्हा टीव्हीवर आमच्या दारातला तोच प्रसंग दाखवला. आई म्हणाली, "चेहरा तिचा हाये, पन उजेड माह्यासाठी लावला होता."

म्हणून काल मी तिच्या फोटोसाठी मोबाईल काढला. तिनं हनुवटी वर केली, आभाळाकडे पाहिलं.

"थांब वं, ढग जाऊ दे."

"आई, आता उजेडाचं सगळं मोबाईलच करते."

"करू दे त्याले. मले घाई नाही."

मोबाईल हातात धरून मीही ढगाकडे बघत उभी राहिले.