मालकाच्या ओसरीपुढे

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. हे मी नम्रतेनं वगैरे सांगत नाही, अभिमानानंच सांगतो. बुऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे निघालं की रस्त्यालगत आमचं गाव. तिथून मी नागपूरच्या कॉलेजात गेलो. तेव्हा आमच्या प्रांताची राजधानी नागपूर होती. इतिहासाला प्राचीन रोम होतं. एकदा सकाळच्या तासाला प्राध्यापकांनी तिथल्या बड्या लोकांच्या दारातली सकाळ सांगितली. उजाडायच्या आत आश्रित लोक चांगले कपडे घालून मालकाच्या दारी जमायचे. तो बाहेर आला की त्याला नमस्कार करायचा आणि टोपलीभर अन्न किंवा थोडी नाणी घेऊन घरी जायचं. बदल्यात निवडणुकीत, कोर्टात, त्याच्या बाजूनं उभं राहायचं. वर्ग हसला. मला हसू आलं नाही. माझा बाप त्या घटकेला तेच करत असणार, हे मला ठाऊक होतं.

आमच्या गावाचा मालगुजार म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारा आणि गावाचा धनी. सगळे त्याला मालक म्हणत. बाबा रोज सकाळी धुतलेलं धोतर नेसून त्याच्या ओसरीपुढे जात, वहाणा पायरीखाली काढत आणि खांबाशी उभे राहत. मालक चूळ भरता भरता विचारी, "काय रे?" बाबा म्हणत, "काही नाही, मालक." झालं. एवढ्यासाठी जायचं. जो जात नसे त्याची गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होई.

मी परीक्षा देऊन घरी आलो त्या सुमारास मालगुजारी उठली. कायदाच झाला. बाबांचं जाणं मात्र थांबलं नाही.

"आता कसला मालक?" मी म्हणालो. "तुमच्यासारखे लोक रोममध्ये होते, बाबा. दोन हजार वर्षांपूर्वी."

"त्याहिले काय भेटे?"

"टोपलीभर जेवण."

"पाह्य," बाबा मायला म्हणाले, "आपल्याले नुसता चहा भेटतो. तोबी फुटक्या कपात."

माय चुलीपाशी होती. मान वर न करता म्हणाली, "अन् त्याहिच्या बायका काय करत व्हत्या? टोपलीची वाट पाहत?"

ते माझ्या पुस्तकात नव्हतं.

नाल्याकाठचं काळ्या मातीचं वावर आमच्याकडे आजोबांपासून बटईनं होतं. निम्मं पीक मालकाचं, निम्मं आमचं. आमच्या हाती लिहिलेलं काहीच नाही. नवीन कायद्यानं कसणाऱ्याला हक्क सांगता येणार होता. पण मालक स्वतः करतो ती घरखेती त्याच्याकडेच राहणार होती. म्हणून एका सकाळी "काय रे?" न विचारता मालकानं बाबांना जवळ बोलावलं. कचेरीत विचारतील तेव्हा सांग, वावर मालकाच्या घरखेतीचं आणि मी त्याचा सालदार, वर्षाच्या बोलीनं ठेवलेला गडी. नावापुरतं सांग. कसायचं तुलाच आहे.

बाबांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"'वावर मी वाहतो' एवढंच बोला. ते आपलं होईल."

"मालकासमोर?"

"मालकासमोरच."

"तुह्या रोमात मालकाच्या विरुद्ध साक्ष देत व्हते का कोनी?"

खोटं बोलता आलं नाही. "नाही. आश्रितानं मालकाविरुद्ध साक्ष द्यायची नसे."

"मंग?"

"पण मालकावरही बंधन होतं. आश्रिताला फसवणारा मालक शापित, असं त्यांच्या फार जुन्या कायद्यात होतं."

"मंग झालं तं. मालकानं शब्द देला हाये."

मी पुढं सांगत राहिलो, की तो कायदा नंतर बोलण्यापुरता उरला, बड्या माणसाला तो शाप बाधल्याचं मी कुठं वाचलेलं नाही. बाबा बैलांना पाणी दाखवायला उठून गेले. मला वाटायचं, शिकलेला माणूस घरात आला की घर शिकतं. तसं होत नाही. घर त्याच्याकडून सोयीचं तेवढं उचलतं.

बुऱ्हाणपूरच्या कचेरीत नायब तहसीलदार तरुण होता, हिंदी बोलणारा, माणूस वाईट नव्हता. मालक खुर्चीवर बसला होता. बाजूला बाक रिकामा होता.

"बैठो, बाबा," साहेब म्हणाला.

बाबा बसले नाहीत.

"अरे बैठो, यहाँ सब बराबर हैं."

बाबा हसल्यासारखं करून उभेच राहिले. तिथंच मला कळलं, पुढं काय होणार.

"पटवारी ने क्या लिखा है, छोड़ो. तुम बताओ, खेत कौन जोतता है?"

बाबांनी मालकाकडे पाहिलं. मालक खिडकीबाहेर पाहत होता. त्याला इकडे बघायचीही गरज वाटली नाही.

"मालकाचं हाये, साहेब. मी सालदार."

मी उठलो. "साहब, ये झूठ है. तीन पीढ़ी से हम जोत रहे हैं."

"आप कौन?"

"इनका लड़का. बी.ए. हूँ."

"खेती आप करते हैं?"

"नहीं."

"तो बैठिए."

मी बसलो. बाबा उभेच होते.

पुढच्या हंगामाआधी मालकानं ते वावर शहरातल्या एका केळीच्या व्यापाऱ्याला विकलं. आम्हाला ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं. बाबा सकाळी ओसरीपुढे गेले आणि ऊन खांबावर येईपर्यंत उभे राहिले. मालक बाहेर आला आणि म्हणाला, "आता रोज यायचं काही कारण नाही. मालगुजारी उठली ना?" मी घरात बसून वर्षभर जे सांगत होतो, तेच मालकानं त्यांना सांगितलं. माझ्या तोंडून ते त्यांना पटलं नव्हतं.

त्यानंतर कितीतरी दिवस बाबा नेहमीच्या वेळी धोतर बदलून दारात येत आणि तिथंच थांबत. माय म्हणे, "जा ना कुठंतरी." ते म्हणत, "कुठं जाऊ?"

एक दिवस ते व्यापाऱ्याच्या माणसाला भेटून आले आणि पोटभर जेवले. व्यापाऱ्यानं त्यांना नाल्याकाठच्या वावरात सालदार म्हणून ठेवलं होतं. मला तेव्हा शाळेत मास्तरकी लागली होती. मी म्हणालो, "लाज वाटते मला. सोडा ते. मी घर चालवतो."

बाबा हात धूत होते. म्हणाले, "माती तं तीच हाये ना."