तिन्हीसांजेला वळणारं पाऊल

त्या वर्षी माझं देवीशी बोलणं बंद झालं होतं. दिवा लावत होते, हात जोडत होते, पण आतून शब्द निघत नव्हता. अंबडची मत्स्योदरी आमच्या घरची आराध्य. माझे सासरे अजून मेंढरं राखतात. कळप कुठल्याही रानात बसलेला असो, उठल्याबरोबर अंबडकडे तोंड करून ते कपाळाला माती लावतात. लग्न होऊन वडीगोद्रीला आल्यावर मीही तीच सवय लावून घेतली. पण माझ्या ऋतुजाला आठवं वर्ष लागलं, तिचं पाऊल वळायला लागलं, आणि माझी ती दिशाच हरवली.

दुखणं सुरू कधी झालं ते मला नेमकं सांगता येत नाही, कारण ते रोज सकाळी नाहीसं व्हायचं. सकाळी ऋतू अंगणात धावायची, शेळीमागे पळायची. दुपारी शाळेतून यायची ती चवड्यांवर. दिवेलागणीला तिचा उजवा पाय आत वळून लाकडासारखा ताठ व्हायचा आणि ती भिंतीला धरून सरकायची. रात्रभर झोपली की पुन्हा पाय सरळ. मी चुलीपाशी बसून तिला पळताना बघायची आणि वाटायचं, काल संध्याकाळी पाहिलं ते आपल्याला स्वप्नच पडलं असावं.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, "सकाळी लंगडी खेळते आन् दुपारी म्हणते चालता येत न्हाई. लाडावलीय पोरगी." मलाही तसंच वाटू लागलं. एका संध्याकाळी मी तिला तांब्याभर पाणी आणायला सांगितलं. ती दारातच पडली, पाणी सांडलं. मी उठले आणि तिच्या थोबाडीत मारली. ती रडली नाही. पायाकडे बघत एवढंच म्हणाली, "आई, पाय माझं ऐकत न्हाई."

त्यानंतर आम्ही फिरलो. पायाचे फोटो काढले, हाडं बराबर निघाली. एका डॉक्टरने जड बूट दिले, दुसऱ्याने पुढे शीर कापावी लागेल असं सांगितलं. मग शेजारच्या गावातल्या एका जाणत्याकडे नेलं. तो म्हणाला, दिवस मावळताना धरतं म्हणजे बाहेरचंच आहे. त्याने काळा दोरा बांधला आणि बजावलं, पोरीला दिवसा डोळा लागू द्यायचा नाही. चार महिने मी ते पाळलं. शाळेतून आल्यावर तिची मान डुलू लागली की मी तिच्या तोंडावर पाणी मारायची. जे तिला हवं होतं तेच मी माझ्या हाताने तिच्यापासून दूर ठेवत होते, हे तेव्हा मला कसं कळावं?

उन्हाळ्यातला एक मंगळवार होता. माझे पती टेम्पो चालवतात. जालन्याच्या एमआयडीसीतून सळई भरायला निघाले होते. मी म्हणाले, आम्हाला अंबडला सोडा, येताना घ्या. मी दर्शनाला नव्हे, भांडायला निघाले होते. दुपार झाली होती, ऋतूचा पाय वळलेला. तिला पाठीवर घेऊन मी टेकडीच्या पायऱ्या चढले. गाभाऱ्यासमोर उभी राहिले, आणि मनात साठवलेलं एकही वाक्य आठवेना. देवी शांत बघत होती. मी सभामंडपात जाऊन खांबाला टेकले. ऋतूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. फरशी गार होती, कुणीतरी हळूच घंटा वाजवून जायचं आणि तिचा नाद बराच वेळ हवेत राहायचा. पोरीला जागी ठेवायचं होतं. पण माझेच डोळे मिटले.

त्या झोपेत मला दिसलं की टेकडीवरून मेंढरं उतरताहेत, ढगासारखी, खुरांचा जराही आवाज न करता. त्यांच्यात ऋतू चालत होती. मी तिला हाक मारत होते, पण हाक तोंडातून निघाली की तिची लोकर व्हायची आणि वाऱ्यावर उडून जायची. मला भीती मात्र वाटत नव्हती. कितीतरी महिन्यांनी मी कशालाच घाबरत नव्हते.

जाग आली तेव्हा मांडी रिकामी होती. मी दचकून पाहिलं. ऋतू देवीला प्रदक्षिणा घालत होती. टाच टेकवून, सरळ पावलांनी, हात मोकळे सोडून. चार महिन्यांत इतक्या उतरत्या उन्हाला मी तिला असं चालताना पाहिलं नव्हतं. मी धावत जाऊन उंबऱ्यावर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडले.

मागून कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. साठीच्या एक बाई होत्या, खांद्याला कापडी पिशवी.

"पोरी, मी मघापासून बघून राह्यले. तू हिला पाठीवर आणलंस, तवा पाय पार वळला व्हता. तासभर झोपली आन् उठली ती सरळ. घरीबी असंच व्हतं का?"

"आईनं चमत्कार केला, मावशी!"

"केला असंल. मी न्हाई म्हणत न्हाई. पण झोपल्यावर बरं आन् दमल्यावर वाईट, असं रोज व्हतं का, ते सांग."

मी सगळं सांगितलं, मारल्याचंसुद्धा. त्यांनी ऋतूला जवळ घेऊन तिचं पाऊल हातात धरून पाहिलं. मग म्हणाल्या, "मी लेकरांच्या दवाखान्यात व्यायाम करून घ्यायच्या कामाला व्हते, लई वर्षं. अशीच एक पोरगी आल्ती. तिचंबी नाटकच म्हणत व्हते सगळे. हे पायाचं दुखणं न्हाई, मेंदूतून पायाला हुकूम जातो त्याचं हाय. सकाळी हिचा चालतानाचा व्हिडिओ काढ, संध्याकाळी काढ, आन् नसांच्या, मेंदूच्या डॉक्टरला दाखव. जल्दी कर. आन् आजपासून लेकराला झोपू दे. माझा नंबर घे, काय निघालं ते कळव."

परतीच्या वाटेवर, दिवस कलताना, टेम्पोतून उतरायच्या आधीच पाय पुन्हा वळला. देवीने दिलं आणि लगेच काढून घेतलं, असं वाटलं. मावशी काय म्हणाल्या ते मी पतींना वाटेतच सांगितलं होतं. घरी आल्यावर त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाले, "ऋतू, दारापर्यंत चाल बरं, बेटा." तो पहिला व्हिडिओ.

पुढच्या आठवड्यात आम्ही संभाजीनगरला गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी दोन्ही व्हिडिओ पाहिले, पुन्हा पाहिले, मग खुर्ची ऋतूजवळ ओढली. "तू खोटं नाही बोलत, बाळा," त्या आधी तिला म्हणाल्या, आणि नंतर आमच्याकडे वळल्या. मेंदूत एक द्रव्य तयार होतं, ते हिच्यात कमी पडतं. झोपेत थोडं साठतं, दिवसभरात संपतं. तपासण्या झाल्या आणि त्यांनी छोट्या गोळीचा तुकडा सुरू केला. दवाखान्याखालच्या औषध दुकानातला माणूस चिठ्ठी बघून म्हणाला, "ही तर म्हाताऱ्या माणसांच्या कंपवाताची गोळी. लेकराला?" मी घाबरून परत वर गेले. डॉक्टर हसल्या, "बरोबर आहे. तीच द्या. सांगितली तेवढीच."

तिसऱ्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. मावळतीचा उजेड दारातून आत आला होता, पिवळा, धुळीने भरलेला. त्या उजेडातून ऋतू पाण्याची कळशी घेऊन आली, ठेवली आणि पुन्हा बाहेर गेली. भाकरी तव्यावर करपली. मी उठले, तिच्या पावलांपाशी बसले आणि तिची माफी मागितली. ती गोंधळून म्हणाली, "आई, उठ ना, लोकं बघतील."

मी त्या मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी काय केलं? नुसतं बघितलं." त्यावर मी खूप विचार केला. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो, पण प्रत्येकाला आपलं आधीच ठरलेलं दिसत होतं; मला नाटक, जाणत्याला बाधा. देवीने त्या दुपारी काय केलं, ते मी कुणाला पटवून देऊ शकत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की मी हट्टाने जागी होते तोवर काही सुटलं नाही. मी दमून हरले, डोळे मिटले, आणि तेवढ्यात ज्याला खरं बघता येतं असं एक माणूस तिथे बसलेलं होतं.

ऋतू आता नववीत आहे. गोळी जन्मभर घ्यायची आहे, आणि डॉक्टरांनी ती स्वतःहून बंद करायची नाही असं बजावलं आहे. मागच्या पावसाळ्यात रस्ता बंद झाला आणि गोळ्या दोन दिवस मिळाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाय वळू लागला. मी घरभर येरझाऱ्या घालत होते, याला-त्याला फोन करत होते, देवीला बोल लावत होते. ऋतू भिंतीशी पाय लांब करून बसली होती, मांडीवर भूगोलाचं पुस्तक.

"आई, पप्पा गेलेत ना आणायला? मंग बस की. पाय आज दमलाय, उद्या चालंल. तू इथं बस, मी तुला नद्या वाचून दाखवते."

मी बसले. ती वाचू लागली. बाहेर पाऊस थांबला होता. तिचा वळलेला पाय मी मांडीवर घेतला, सरळ करायचा प्रयत्न न करता नुसता धरून ठेवला, आणि गोदावरी कुठून निघून कुठे जाते ते ऐकत राहिले.