बाकावर दोन ठोके

परवा सकाळी भर पार्कात मी एका सरदारजींना कडकडून मिठी मारली... पाच महिने ज्यांना मी मिलिटरीवाले समजत होतो, त्यांना.

आता नीट सांगतो. मी एकतीस वर्षं कोकणातल्या एका दीपगृहावर नोकरी केली. रिटायर झाल्यावर आम्ही दोघं मुलीकडे चंदीगडला आलो, ती सेक्टर ३२ मध्ये डॉक्टर आहे. समुद्राचं म्हणाल तर इथे एक तळं आहे, तेही माणसांनी केलेलं.

दीपगृहावर माझा एक नेम होता. संध्याकाळी दिवा लावला की स्टॉपवॉच घेऊन मोजायचं... प्रकाशाचे दोन झोत, मग अंधार, बरोबर पंधरा सेकंदांनी पुन्हा दोन झोत. प्रत्येक दीपगृहाची अशी चाल ठरलेली असते, त्यावरून जहाजाला कळतं कुठला किनारा आला ते.

अर्धा सेकंद मागेपुढे झाला तरी मी भिंग फिरवणारी मोटर उघडून बसायचो. बरोबरचे हसायचे, एवढं मोजतंय कोण म्हणून. आमची ही देवळात जायची आणि मी वर दिव्यापाशी... माझी पूजा तीच होती, खरंच सांगतो.

गेल्या आठवड्यात नातीला शाळेत प्रोजेक्ट मिळाला, घरातल्या मोठ्यांच्या कामावर. मी भिंगं पुसण्यापासून सगळं रंगवून सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "पर आजोबा, जीपीएस था ना... लाइट देखता कौन था?" आणि आजीच्या लोणच्यावर चार्ट करून मोकळी झाली.

लोणच्याशी माझं वैर नाही हो. पण प्रश्न रुतून बसला. इतक्या वर्षांत जहाजावरच्या कुणी येऊन मला सांगितलं नव्हतं की तुमचा दिवा दिसला... देव्हारा रिकामाच होता की काय, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

परवा त्याच तंद्रीत बाकावर बसून काठी आपटत होतो. दोन ठोके... गप्प... दोन ठोके. शेजारी नेहमीचे सरदारजी पेपर वाचत होते, पार्कात सगळे त्यांना कॅप्टनसाब म्हणतात. या गावात दर दुसऱ्या बाकावर एक रिटायर्ड फौजी असतो, त्यामुळे मी कधी चौकशीच केली नव्हती. मी महाराष्ट्रातला, एवढंच त्यांनाही ठाऊक.

त्यांनी पेपर खाली ठेवला. मनगटावरच्या घड्याळात बघत दोन-तीन वेळा मोजलं आणि चक्क माझ्या दीपगृहाचं नाव घेतलं!

माझ्या हातातून काठीच पडली.

साहेब निघाले मर्चंट नेव्हीतले. किनारा जवळ आला की दिवा कुठला ते ओळखायला स्टॉपवॉच धरून उभे राहायचे म्हणे, जीपीएस आल्यावरसुद्धा. मी घाबरत घाबरत विचारलं, आमचा कधी चुकला का?

"ना जी. मशीन पे डाउट होता था, आपकी लाइट पे कभी नहीं."

म्हणजे इकडे मी घड्याळ धरून आणि तिकडे जहाजावर साहेब घड्याळ धरून... तिथेच मिठी मारली त्यांना. रडलोही, त्यात लाजायचं काय!

मग साहेबांना हाताला धरून घरी आणलं आणि नातीसमोर बसवलं. तिने प्रश्न विचारून विचारून त्यांना भंडावलं, त्यांनी लोणच्याबरोबर तीन पराठे संपवले. चार्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आता आमचं दीपगृह आहे, पट्टेबिट्टे रंगवून.

ही म्हणाली, "देव पावला हो तुम्हाला."

पावला खरा... पगडी बांधून, पेपर वाचत, पाच महिने माझ्याच बाकावर बसला होता.