वाचनाचा तास कुठे बसवायचा?

ग्रंथालयाचा चार्ज ज्याच्या गळ्यात पडतो, त्याच्याकडे पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. नव्वदच्या दशकात जुन्नर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत तो माझ्या गळ्यात पडला. ग्रंथालय म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांच्या, मोठ्या गुरुजींच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट. आठवड्यातून एकदा तरी पोरांच्या हातात पुस्तक पडावं, एवढंच माझं म्हणणं. पण वेळापत्रकात तो तास काही केल्या बसेना.

* * *

पहिल्यांदा बसवला शनिवारी, शेवटचा. त्या तासाला सगळी शाळा पटांगण झाडायची. मग सोमवारी नेला. सोमवारी मोठे गुरुजी मीटिंगला जुन्नरला आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात.

"किल्ली ठेवून जात चला ना," मी म्हणालो.

"आणि वाचून वाचून पुस्तकं खराब झाली म्हंजे?"

* * *

घोडेगावला ट्रेनिंग झालं. तिथल्या साहेबांनी सांगितलं, तास ठरवूच नका; ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा येऊन वाचावं. मला लई पटलं. दुसऱ्या दिवशी कपाट उघडं ठेवलं, तर गणिताच्या तासाला अख्खी चौथी हजर! मागोमाग त्यांच्या बाई.

"गुरुजी, पोरांना वाचनाची गोडी बरोबर भागाकारालाच कशी लागते हो?"

दुपारी कपाट बंद झालं.

* * *

मग तपासणी आली. त्या दिवशी मात्र वाचनाचा तास सकाळी पहिलाच. पोरं रांगेत, प्रत्येकासमोर एक करकरीत पुस्तक. साहेबांनी पुढच्या पोराला विचारलं, "काय वाचतोस, बाळ?"

"काय न्हाई, सायेब. उघडायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

तरी शेरा चांगला मिळाला. कसा, ते मला अजून कळलेलं नाही.

* * *

शेवटी भांडून गुरुवारचा, म्हणजे पोरांच्या बेस्तरवारचा, तास मिळवला. तोवर इतका थकलो होतो, की आनंदही झाला नाही. त्या तासाला सगळ्यांच्या आधी येऊन बसायची ती हिरा, मेंढपाळाची पोर. दिवाळी उरकली की तिच्या घरचे मेंढरं घेऊन कोकणात उतरत, ते मृगाला परत येत. निघायच्या आदल्या दिवशी ती दारात उभी.

"गुर्जी, उद्या आमी चाललो."

"एखादं पुस्तक घेऊन जा."

"नगं. मागल्या साली माजी वही मेंढरानं खाल्ली."

"मग काय करायचं, सांग."

ती आत आली आणि कपाटासमोर मांडी घालून बसली.

"मी नसताना जेवढे बेस्तरवार येत्याल, त्येंचे समदे तास मला आजच द्या."