मैत्रिणीचा नवरा, तिचाच मामा

तमाम आप्तेष्टांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेने एकोणिसाव्या वर्षी आपल्या जिवलग मैत्रिणीचा इतका हेवा केला, की तिच्या लग्नातली बुंदीसुद्धा घशाखाली उतरेना. गुन्हा कबूल आहे. आता कारण ऐका.

सत्तरच्या दशकात आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहायचो. शेजारी तेलुगू विणकरांचं घर, खाली माग, वर माणसं. त्या घरातली मुलगी माझी मैत्रीण. आम्ही मॅट्रिक एकत्र झालो आणि लग्नंही एकाच उन्हाळ्यात ठरली. माझं ठरलं दौंडच्या एका रेल्वेतल्या कारकुनाशी. तिचं ठरलं तिच्या आईच्या धाकट्या भावाशी. म्हणजे तिच्या सख्ख्या मामाशी!

आई शेंगा पाखडत होती, तिच्या हातातलं सूप खाली पडायचं राहिलं. ती तडक शेजारच्यांच्या ओट्यावर गेली.

"अहो, मामा म्हणजे बापाच्या जागी! आमच्यात लग्नात मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तुमच्यात मामाच समोर उभा. मग पाठीशी कोण?"

"दुसरा भाऊ हाय की माझा," मैत्रिणीची आई शांतपणे म्हणाली. "तुमच्या जावयाला किती वेळा बघितलं, ताई?"

"एकदा. चांगला पाव तास बसला होता."

"पाव तास? अगंबाई! चादर घेताना बी आमी दोनदा उलटी करून बघतो. आन् तुमी पोरगी देताय?"

दोघीही एकमेकींची कीव करत घरी गेल्या. आईने देवापुढे दिवा लावला. पलीकडे तिनेही बहुधा माझ्यासाठी लावला असावा.

मी मात्र त्या रात्रीपासून जळायला लागले. बघा ना, हिची सासू म्हणजे हिची आजी! जिने हिला न्हाऊ घातलं, तीच उद्या हिच्या हातचा जळका भात मुकाट खाणार. नवरा मागावरून उठून येताना हिला आवडतात तशीच मिरचीभजी आणणार, कारण ती त्याला पहिल्यापासून ठाऊक. आणि माझी सासू? तिने मला सुईत दोरा ओवायला लावला होता, अंगणभर चालवलं होतं, आणि जाताना "उंची बरी आहे" एवढंच म्हणाली होती. त्या घरात मला काय आवडतं हे कुणाला ठाऊक असणार? रोज वाटायचं, हिच्यासारखा जन्म का नाही मिळाला. मामा तर मलाही होता, माढ्याला. पण त्याने आणून दिलं ते हे स्थळ!

तिच्या लग्नाच्या दिवशी तिला सजवायला मीच बसले. रेशमी साडी, कमरेपर्यंत मोगऱ्याची वेणी, कपाळावर मळवट, तासभर खपले. मनात म्हणत होते, घे बाई, सगळं तुलाच.

एवढ्यात नवरदेव स्वतःच काहीतरी विसरलेलं न्यायला आत आला. बायका ओरडल्या. त्याने नव्या नवरीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आणि तो लहानपणापासूनच्या सवयीने म्हणाला,

"ए, नाक पूस."

आणि गेला.

माझे डोळे भरून आले. "बघितलंस?" मी म्हटलं, "किती माया! नशीबवान आहेस गं. नाहीतर मी, परक्या घरात..."

तिने वेणी विस्कटेल याची पर्वा न करता माझ्याकडे गर्रकन मान वळवली आणि सगळ्या बायकांसमोर, भर मांडवात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"अगं, तुझ्या नवऱ्यानं तरी तुला शेंबडी बघितलेलं न्हाय की!"