खडूशेठचा शब्द

गल्लीत त्याला सगळे खडूशेठ म्हणायचे. शेठपणा त्याच्यात औषधालाही नव्हता. नाव पडलं ते त्याच्या भुवयांमुळे. दिवसभराचं काम आटपून तो बाहेर आला की भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या, सगळं पांढरंफटक. तिशीतच तो म्हातारा दिसायचा. पुढे खरंच म्हातारा झाला, तेव्हा ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

घराच्या मागे पत्र्याची लांबट खोली होती, तोच कारखाना. एका भिंतीला प्लास्टरच्या पावडरीची पोती, मध्ये दगडी ओटा, ओट्यावर साचे. काम दिसायला सोपं. बादलीत पाणी, पाण्यात पावडर, ढवळायचं, तेल लावलेल्या साच्यांत ओतायचं, वर आलेलं पट्टीनं कापून टाकायचं आणि आवळून घट्ट झालं की साचे उघडायचे. पण पावडर एकदा पाण्यात पडली की ती कुणाच्या बापाची वाट बघत नाही. दारात पाहुणा येवो, फोन वाजो, हात थांबता कामा नये. थांबला की बादलीतच धोंडा. त्यामुळे त्या घरातली भांडणंसुद्धा साचे भरून झाल्यावरच व्हायची.

ओतायचं काम त्याचं. साचे उघडायचं काम त्याच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. नवरा गेल्यावर ती "चार दिवस राहते" म्हणून भावाकडे आली होती. त्या चार दिवसांत भावाचा मुलगा रांगायला लागला, शाळेत गेला, मिसरूड फुटून कॉलेजातही गेला. ओले खडू गच्चीवर नेऊन वाळवणं आणि वाळले की खोक्यांत भरणं हे बायकोकडे. आभाळ भरून आलं की तिघंही गप्प होत. ढगांशी कोण भांडणार?

मधली काही वर्षं बरी गेली. शाळा कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या. औषधाच्या दुकानावर शाळा, लग्नाच्या हॉलमागे शाळा, जिन्याखाली शिकवणी. कुणी म्हणायचं देश शिकतोय, कुणी म्हणायचं लुटतोय. खडूशेठला एवढंच कळायचं की जिथे मास्तर आहे तिथे फळा आहे, आणि फळा आहे तिथे रोज झिजणारी एक वस्तू लागते. स्वतः त्याची शाळा लहानपणीच सुटली होती. पण नव्या शाळेचा बोर्ड दिसला की तो सायकलवरून उतरायचाच.

त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या रस्त्यावरची मुलींची शाळा. तिथल्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. एकदा पावडरच भेसळीची निघाली. खडू फळ्यावर किरकिरायचे आणि अक्षर काही उठायचं नाही. शाळेतून तक्रार यायच्या आत खडूशेठ स्वतः वर्गावर्गात फिरला आणि होती नव्हती तेवढी खोकी उचलून घरी घेऊन आला. तेव्हापासून मोठ्या बाई म्हणायच्या, "खडूशेठ, तुमचा शब्द आहे ना, मग बघायला नको." हे वाक्य त्यानं घरी किती वेळा सांगितलं असेल! बायको म्हणायची, "शब्दानं भांडं भरत नाही हो." पण तिलाही ते आवडायचं.

मुलानं धंद्याच्या व्यवस्थापनाची पदवी घेतली. धंदेवाल्याच्या पोराला धंदा शिकायला कॉलेजात जावं लागतं, हे अक्काला कधीच पटलं नाही. पदवी घेऊन तो घरी आला आणि घरीच बसला. अर्ज करायचा, मुलाखतीला जायचा, घडी केलेला शर्ट पुन्हा घडी करून ठेवायचा. बसून बसून मग त्याची नजर बापाच्या धंद्याकडे वळली.

"बाबा, आपला माल चांगला आहे, पण आपलं नाव नाही. गिऱ्हाइकाच्या डोक्यात चित्र पाहिजे."

त्यानं नवीन खोकी छापून आणली. निळ्या खोक्यावर आकाशात झेपावणारं रॉकेट. घाऊक दुकानदारानं खोकं उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "खोकं झकास आहे. नुसतं रिकामं मिळेल का? पेन्सिली ठेवायला."

तोपर्यंत शाळांत पांढरे फळे आणि मार्कर आले होते. मोठ्या शाळांनी खडू सोडले, मग त्यांचं बघून लहान शाळांनी. खडूशेठ आता एक दिवसाआड साचे भरायचा. मधल्या दिवशी काय करावं हे न सुचून तो साचेच घासत बसायचा. ते आरशासारखे लखलखू लागले होते.

आणि एक दिवस मुलाला नोकरी लागली. "शाळांना लागणाऱ्या वस्तूंची कंपनी आहे," तो म्हणाला. बाप खूश झाला. "म्हणजे आपल्याच लाइनीत!" मुलानं मान खाली घातली. काय विकायचं हे त्यानं जेवण होईपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा आई ताटं उचलत होती.

"डिजिटल फळे. भिंतीवर मोठा पडदा. बोटानं लिहायचं, बोटानं पुसायचं. खडू लागत नाही."

अक्कानं तेवढं विचारलं, "आणि वीज गेली की?"

"बॅटरी असते, आत्या."

काही महिने गेले. मुलगा टाय बांधून सकाळी जायचा आणि संध्याकाळी बुटांसकट पलंगावर पडायचा. शाळांचे रखवालदारच त्याला आत सोडत नव्हते. कंपनीचा साहेब रोज फोन करायचा आणि मुलगा "हो सर, हो सर" म्हणत अंगणात फेऱ्या मारायचा. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तो मागच्या खोलीत बापासमोर येऊन उभा राहिला.

"बाबा, मोठ्या बाईंकडे एकदा माझ्याबरोबर चला. मला ठाऊक आहे मी काय मागतोय. पण तुम्हाला तिथे कुणी अडवत नाही."

अक्का साचा उघडत होती. ती वर न बघता म्हणाली, "म्हणजे सुरीला धारसुद्धा आपणच लावून द्यायची."

"अक्का, तू गप," खडूशेठ म्हणाला. मुलाला म्हणाला, "हात धुऊन येतो."

मोठ्या बाईंची खोली होती तशीच होती. लाकडी कपाट, पृथ्वीचा गोल, खिडकीत वाळत घातलेलं डस्टर. बाई मात्र आता बोलता बोलता खोकायच्या, इतक्या वर्षांची खडूची भुकटी छातीत बसली होती. मुलानं सोबत आणलेल्या छोट्या पडद्यावर काळीज धडधडताना दाखवलं, ज्वालामुखी दाखवला, त्रिकोण बोटानं फिरवून दाखवला. तो छान बोलत होता. खडूशेठनं आपल्या पोराला असं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. घरी तो इतका गप्प का असतो, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून त्या बापाकडे वळल्या. "संस्थेकडे हात पसरून मला हे करावं लागणार, खडूशेठ. तुम्ही सांगा. घेऊ का?"

मुलगा बुटांकडे बघत होता. खडूशेठला पडद्यातलं काहीच कळत नव्हतं. चांगलं की वाईट, टिकेल की नाही, कसं सांगणार? खडू असता तर त्यानं नखानं खरवडून सांगितलं असतं. पण बाईंचा खोकला त्याला ऐकू येत होता आणि पोराच्या कानामागे आलेला घाम दिसत होता.

"घ्या," तो म्हणाला.

"आणि तुमचं काय?"

"माझं काय बाई, पावडर कुठेही खपते."

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "चहा घेऊ या, बाबा." टपरीवर उभ्या उभ्या बापानं विचारलं, "बिघडलं तर माणूस येईल म्हणालास. येईल ना?"

"कंपनी म्हणते येईल."

"मी कंपनीचं नाही विचारत."

"येईल, बाबा. नाही आला तर मी येईन."

त्या एका शाळेनंतर मुलाची गाडी रुळावर आली. मोठ्या बाईंनी घेतलं म्हटल्यावर बाकीच्यांचे दरवाजे उघडले. तो शाळांची नावं घ्यायचा आणि प्रत्येक नावाबरोबर खडूशेठच्या डोळ्यांपुढून आपला एक माणूस, एक जिना, एक कपाट जायचं. वर्ष उलटायच्या आत खडूशेठनं साचे मोडीत काढले. भंगारवाला म्हणाला, "किती स्वच्छ ठेवलेत हो!" पत्र्याची खोली एका रद्दीवाल्याला भाड्यानं दिली.

पावडर कुठेही खपते हे मात्र खरं निघालं. शहरात नवे मजले चढत होते आणि नव्या मजल्यांना छताखाली दुसरं छत लागत होतं, गुळगुळीत, कडेला नक्षी असलेलं. खडूशेठ ठेकेदाराकडे कामाला लागला. तीच पावडर, तीच बादली, तीच घाई. फरक एवढाच की आता सगळं डोक्यावर करायचं. दिवसभर परातीएवढ्या फळकुटावर उभं राहून मान मागे टाकायची आणि थापी चालवायची. डोळ्यांत कण पडायचे. संध्याकाळी मान सरळ व्हायलाच नकार द्यायची. "देवाकडे बघून काम करतो मी आता," तो बायकोला म्हणायचा, आणि ती तेल गरम करून आणायची. ठेकेदार त्याच्याहून निम्म्या वयाचा होता आणि त्याला "ए मामा" म्हणायचा. पूर्वी लोक शेठ म्हणून थट्टा करायचे, ती थट्टासुद्धा त्याला आता आठवायची.

मुलाची बदली दुसऱ्या शहरात झाली. हुद्दा वाढला. पैसे पाठवायचा, फोन करायचा. अक्काचे गुडघे त्या पैशांवर चालत होते.

मोठ्या बाईंचा फोन आला तो भर दुपारी, खडूशेठ फळकुटावर असताना. "खडूशेठ, पाच वर्गांतले पडदे बंद आहेत. कंपनीत कुणी फोन उचलत नाही. तुमच्या मुलाचा नंबर बदललाय का?"

मुलाचा नंबर बदललेला नव्हता. तो बाईंचा फोन घेत नव्हता.

खडूशेठ अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून शाळेत गेला. जाऊन करणार काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. तरी गेला. बाईंनी त्याला वर्ग दाखवले. काळे पडदे भिंतीवर बसवताना मागचे सिमेंटचे जुने फळे फोडून काढले होते. शिक्षिका वहीत बघून तोंडी सांगत होती आणि मुली लिहून घेत होत्या. एकीनं पडद्यात बघून वेणी सारखी केली.

"मी तुमच्यावर रागावले नाही," बाई म्हणाल्या. "पण घेतलं ते तुमच्या शब्दावर, एवढं तुम्हाला माहीत असावं म्हणून बोलावलं."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तो नुसता "हो बाई" म्हणाला. जिना उतरताना त्यानं कठडा धरला. तसा तो कधी धरायचा नाही.

रात्रीपर्यंत न थांबता त्यानं रस्त्यावरूनच मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, "बाबा, कंपनीनं ते मॉडेलच बंद केलंय. सुटे भाग येत नाहीत. माझ्या हातात काही नाही."

"तू येईन म्हणाला होतास."

"कुठे? कधी?"

"टपरीवर. चहा पिताना."

बापानं फोन ठेवून दिला. ओरडायला ताकद लागते आणि ती सकाळच्या छतातच संपली होती.

त्यानंतरच्या सुट्टीला मुलगा आला. टाय नव्हता. सोबत एक दुरुस्ती जाणणारा मित्र होता, त्याचे पैसे मुलानं खिशातून दिले होते. खडूशेठ धरून तिघेही शाळेत गेले. मित्र पडदे उघडायचा, मुलगा स्क्रू मोजून वाटीत ठेवायचा, खडूशेठ शिडी धरायचा. एका पडद्यातला भाग काढून दुसऱ्यात घालत घालत दुपार टळली. पाचांपैकी दोन चालू झाले. उरलेले तीन आता नुसती खोकी होती. बाईंनी चहा दिला, दोन तरी झाले म्हणाल्या, आणि त्या तीन वर्गांसाठी पांढरे फळे मागवल्याचं सांगितलं. मुलगा "सॉरी बाई" म्हणाला. बाईंनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

घरी आल्यावर आईनं पानं वाढली. मुलगा कितीतरी वेळ भात चिवडत होता.

"बाबा, अशा कितीतरी शाळा आहेत. सगळीकडे मी तुमचंच नाव सांगत गेलो." मग म्हणाला, "सोडू का ही नोकरी?"

खडूशेठनं मान वर करायचा प्रयत्न केला, पण ती अर्ध्यावरच अडली. सोड म्हणावं तर अक्का समोर पाय पसरून गुडघा चोळत बसली होती. नको सोडू म्हणावं तर तीन काळे पडदे डोळ्यांपुढे होते. बाप म्हणून आपण आता काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं, हे त्याला कळत होतं. पण अंगात एवढा शीण होता की घास चावणंही काम वाटत होतं.

"जेव आधी," तो म्हणाला. "उद्या बघू."

उद्या पहाटेच मुलाची गाडी होती. ते सगळ्यांना ठाऊक होतं. आईनं त्याच्या ताटात आणखी थोडा भात वाढला आणि त्यानंही नको म्हटलं नाही.